शेवंतीचा हवापालट: घाटकोपर ते बोरीवली, गायीसह

या ब्लॉगवर मी आजवर लडाख लिहिलं, हंपी लिहिली, भूतानवर तर तीन भाग पाडले. यंदा व्हिएतनामचं ठरत होतं. प्रत्यक्षात माझा वर्षातला सगळ्यात मोठा प्रवास घाटकोपर ते बोरीवली असा झाला, दोन दिवस एक रात्र, आणि सोबत एक गाय होती. नकाशावर हे अंतर बघून तुम्ही हसाल. गाय घेऊन निघा, मग हसा.

गाय माझ्या दिगूमामाची. दिगूमामा आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झाला. जन्म, शाळा, लग्न, सगळं घाटकोपरला, डोंगरउतारावरच्या एका चाळीत. गाय पाळायचे ते आजोबा. ते कणकवलीहून गिरणीत आले तेव्हापासून चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तरी गाय असायचीच. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि शेवंती मामाकडे आली. वारशात गाय मिळाली, अक्कल नाही मिळाली, असं मामी म्हणते.

रोज सकाळी मामी शेवंतीला घेऊन नाक्यावरच्या देवळाबाहेर बसते. शेजारी गवताच्या पेंढ्या रचलेल्या. लोक पेंढी विकत घेतात, शेवंतीला घालतात, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि ऑफिसला पळतात. पेंढीवर भागलं तर ठीक, पण भाविक माणसं ऐकतात कुठे? चपात्या, केळी, गूळ, पेढे, एकदा तर कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचा उरलेला केक. शेवंती सगळं खाते आणि दुपारी घरी येते.

तर ही शेवंती होळीच्या सुमारास व्यायली. पाडी झाली, म्हणजे मादी वासरू. सगळं नीट असेल तर गाय दोन-तीन महिन्यांत परत माजावर येते, म्हणजे तिला पुन्हा वासरासाठी भरवता येतं, गाभण करता येतं. मे गेला, गणपती गेले, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, शेवंतीच्या माजाचा पत्ता नाही. दूध आटत चाललं होतं. मग मामीने अट घातली.

"तुळशीच्या लग्नापर्यंत ही माजार इली नाय, तर हिका कणकवलेक धाडूची. आणि हिच्या वांगडा आपण दोगांय जावचा."

मामीला गावी जायचंय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे घर आहे, आंगण आहे, तिचे गुडघे चाळीच्या जिन्याला वैतागलेत. मामाला गाव म्हणजे गणपतीचे पाच दिवस, आणि त्यातले चार मोबाईलला रेंज नाही म्हणून कुरकुरण्यात. शेवंती गेली तर मामा मुंबईतून उखडला जाणार होता, आणि त्या विचाराने त्याची झोप उडाली होती. गाय माजावर येण्यावर कुणाचं आयुष्य असं टांगलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मामाने आधी काय केलं असेल, तर कौल लावला. आम्ही कोकणातली माणसं देवाला विचारल्याशिवाय पंखासुद्धा बदलत नाही. देवळात जायचीही गरज नव्हती, कारण चाळीत सोय झाली होती. गेले काही महिने अधूनमधून शेवंतीच्या अंगात देवी यायची. त्या दिवशी ती सकाळपासून हंबरायची, पेंढीला तोंड लावायची नाही, एका जागी ठरायची नाही, आणि जवळ येईल त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. पहिल्यांदा जिच्या खांद्यावर टेकवली त्या मुलीला आठवड्याभरात नोकरी लागली. झालं! तेव्हापासून देवी आली की चाळ अगरबत्त्या घेऊन हजर. प्रश्न विचारायचा, शेवंतीने उजवीकडे मान वळवली तर होय, डावीकडे वळवली तर नाही. मामाने विचारलं, "गावाक जावचा काय?" शेवंती डावीकडे वळली. मामी तेव्हा बाजूला उभी राहून पदराने माशा हाकलत होती. तिने अट मात्र मागे घेतली नाही.

आता यात मी कशी आले? माझी शाळेतली मैत्रीण मुग्धा जनावरांची डॉक्टर आहे. राहते बोरीवलीला, माझ्या सोसायटीपासून दोन चौक सोडून, आणि रोज वसई-पालघरकडच्या गोठ्यांवर फिरते. मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, एकच कारण नसतं हो," मुग्धा म्हणाली. "व्यायल्यावर दूध वाढतं, पण गायीचं खाणं त्या मानाने वाढत नाही. मग ती अंगातली चरबी जाळते. शरीर म्हणतं, आधी मी जगते, वासराचं नंतर बघू. खायला काय घालता?"

मामाने केकपर्यंत सगळं सांगितलं.

"हे गायीचं खाणं नाही, हा वाढदिवस आहे. बरं, व्यायल्यावर वार, म्हणजे नाळेची पिशवी, पडली होती नीट? अडकली असेल तर गर्भाशयात पू होतो. पाडी दिवसभर अंगाला असते का? सारखं पीत राहिली तरी माज लांबतो. सिमेंटवर बांधता? उकाडा केवढा आहे शेडमध्ये? आणि मुख्य म्हणजे, सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे कोणी नीट बघतं का?"

"सगळा घाटकोपर तिच्याकडे बघता," मामा म्हणाला.

मुग्धाने तपासायला यायचं कबूल केलं, पण तिला आठवडाभर वेळ नव्हता. मामाला दम धरवत नव्हता. त्याने तिची सगळी कारणं ऐकून एकाच फटक्यात सगळ्यांवर उपाय काढला. गायीलाच बोरीवलीला न्यायचं. नॅशनल पार्कच्या कडेला त्याच्या जुन्या मित्राचा गोठा होता. थंड हवा, मातीची जमीन, पाडी घरी, चपातीवाले भाविक लांब, आणि डॉक्टर जवळ. "हवापालट," मामा म्हणाला. आमच्या घरात टायफॉइडनंतर माणसांना माथेरानला नेत असत, तसं.

पहिला दिवस. जाणाऱ्यांसाठी उपयोगाचं आधी सांगते. टेम्पो उघडा घ्या आणि तळाला वाळू पसरायला लावा, नाहीतर गायीचे पाय घसरतात. दोन बादल्या, दोरी, कडबा, आणि गाय प्रवासाला ठीक असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला छापून खिशात. मोबाईलवर दाखवला तर कुणी मानत नाही. टेम्पोच्या भाड्यात ऑफ सीझनला गोव्याचं विमान मिळेल, पण त्यात गाय घेत नाहीत. मामीने आम्हाला घावणे आणि चटणी बांधून दिली. निघताना म्हणाली, "शेवंतीक सांभाळा. ह्येंका पण."

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मामा मागे शेवंतीच्या गळ्यात हात टाकून. पवईला तलाव दिसला तेव्हा शेवंतीने मान वळवून पाहिला, आणि मामाने मागून ठोकून टेम्पो हळू करायला लावला. तिला बघू दे म्हणे. तेवढ्यात हवालदाराने हात केला.

"काय आहे मागं?"

"गाय," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. कुठं चालवलीय?"

"बोरीवलीला," मामा मागून ओरडला. "हवापालटाला!"

हवालदाराने गॉगल काढला. दाखला उलटसुलट वाचला. तोवर मागे हॉर्नचा कल्लोळ. मामा टेम्पोतूनच त्याला पूर्ण हकीकत सांगायला लागला, होळीपासून. आश्चर्य म्हणजे हवालदाराने ती पूर्ण ऐकली. तो कराडकडचा निघाला.

"सिमिटावर बांधता का?"

"मगे काय चाळीत शेत आसा?"

"मग कशी दाखवंल ती माज? पाय सटकतोय तिचा. जनावर उभंच भिऊन राहतंय."

एव्हाना बाईकवाले थांबून सामील झाले होते. एकाने मिनरल मिक्स्चर सुचवलं. दुसरा, गळ्यात ऑफिसचं कार्ड, गंभीरपणे म्हणाला, "स्ट्रेस असेल, काका. आम्हाला पण डॉक्टरने तेच सांगितलं. जॉब सोडायला लावा." कोणी? गायीने? विचारेपर्यंत तो निघून गेला. हवालदाराने शेवंतीच्या पाठीवर थाप मारली आणि आमच्यासाठी एक लेन मोकळी करून दिली. मुंबईत मला असा मान याआधी कधी मिळाला नव्हता.

जोगेश्वरीला हायवेवर लागण्याआधी चहा आणि वडापाव. टपरीवाल्याने गायीला वडा फुकट देऊ केला, मामाने हात जोडून नको म्हटलं. सकाळी लवकर निघालात तर हा टप्पा तासा-दीड तासाचा आहे. आम्ही हवापालट करत होतो, त्यामुळे दुपार झाली.

बोरीवलीला पार्कच्या भिंतीलगत मामाच्या मित्राचा गोठा जिथे होता तिथे हिरवी जाळी लावलेलं क्रिकेटचं टर्फ होतं. मित्र गावी गेला होता, कायमचा. त्याचा मुलगा नरेश काउंटरवर बसून बुकिंग घेत होता.

"काका, गोठा बंद करून किती वर्षं झाली!" नरेश म्हणाला. "म्हशी विकल्या. पण टर्फ मऊ आहे ना, पायाला एकदम झकास. चार ते पाच स्लॉट रिकामा आहे, आणा तिला."

आणि आम्ही आणली. मी माझ्या डोळ्यांनी शेवंतीला प्लास्टिकच्या गवतावर उभं राहिलेलं पाहिलं. तिने खाली मान घालून एकदा चाटलं, मग मान वर करून मामाकडे पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही. पाच वाजता एका बँकेची टीम हेल्मेटं घालून आली, तोवर तिने पिचवर शेण टाकलं होतं. नरेश म्हणाला, "काका, आता घ्या हिला."

राहायची सोय गेली. मग एकच जागा उरली, माझी सोसायटी. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीसाठी एक जागा आहे आणि तिचे नियम घटनेपेक्षा कडक आहेत. सेक्रेटरी शहाभाई खाली आले. त्यांनी गायीला नमस्कार केला, मग मला बाजूला घेतलं.

"शिल्पाबेन, गायला ना बोलायचं पाप मी नाय करणार. पण व्हिजिटर पार्किंग चोवीस कलाक. पछी माझ्या हातात काय नाय हां."

मी पार्किंगच्या खांबाला 'कृपया गायीला काही खायला घालू नये' असा कागद चिकटवला. रात्रीपर्यंत शेवंतीने सात रोटल्या आणि अर्धा डबा मोहनथाळ खाल्ला होता. कागदही खाल्ला. मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर तिच्याजवळ बसून राहिला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिचा त्रास समजावून सांगत राहिला.

दुसरा दिवस. सकाळी सहाला मला जाग आली ती हंबरण्याने. पार्किंगमध्ये आवाज इतका घुमतो की सातव्या मजल्यावरच्या काकूंना तो बाथरूममधून येतोय असं वाटलं. मी खाली धावले. शेवंती दोरी ताणून गोल गोल फिरत होती. समोरच्या कडब्याला तोंड लावत नव्हती. शहाभाई कुर्ता-पायजम्यात चौकशीला आले, तर तिने सरळ त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. मामा डोळे मिटून, हात जोडून उभा.

"देवी इली," तो म्हणाला. "बोरीवलेक पण इली!"

पुढचा दीड तास मी शब्दांत मांडू शकेन का, शंका आहे. बातमी व्हॉट्सअपवर पसरली. ए विंग, बी विंग, दोन्हीकडून माणसं उतरली. कुणाला मुलाच्या व्हिसाचं विचारायचं होतं, कुणाला गुडघ्याच्या ऑपरेशनचं. मामा अगरबत्ती लावून प्रश्न समजावून सांगत होता आणि उत्तर जाहीर करत होता. आमची सोसायटी पुनर्विकासावर गेली कित्येक वर्षं भांडतेय. शहाभाईंनी कमिटीला बोलावून रीतसर विचारलं, जुना बिल्डर की नवा? उजवीकडे जुना, डावीकडे नवा. शेवंती उजवीकडे वळली आणि टाळ्या पडल्या. ज्या सभेला कधी दहा माणसं जमत नाहीत तिचा ठराव एका गायीसमोर एकमताने झाला.

तेवढ्यात मुग्धा आली. पालघरला निघण्याआधी अर्धा तास काढून, पायात गमबूट, हातात बॅग. तिने रांग पाहिली, अगरबत्त्या पाहिल्या, मग शेवंतीच्या मागे गेली आणि शेपटी उचलली.

"ही अशी कधीपासून करतेय?"

"पहाटेपासना," मामा कुजबुजला. "जोरात बोलू नका. देवी आसा अंगात."

"काका, ही माजावर आहे."

मुग्धाने शेपटीखाली बोट दाखवलं. अंड्यातल्या पांढऱ्यासारखी चिकट तार लोंबत होती. "हंबरणं, खाणं सोडणं, दुसऱ्याच्या अंगावर मान टाकणं, हाच तर माज असतो. दुसरी गाय शेजारी असती तर तिच्यावर चढली असती. हिला कोणी नाही, म्हणून बिचारी शहाभाईंवर मान टाकतेय."

शहाभाई दोन पावलं मागे सरकले.

"ही देवी किती दिवसांनी येते?" मुग्धाने विचारलं.

"तीन आठवड्यांनी," मामा म्हणाला.

"दर वेळी तीनच?"

मामाने मान हलवली.

"काका, गाय केव्हाची माजावर येतेय. तुम्ही दर वेळी तिला हार घातलात आणि वेळ घालवलात." मुग्धाला हसू आवरत नव्हतं, पण मामाचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "बघा, अजून काही बिघडलं नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची. मी परत येताना इंजेक्शनने करते. आज गेलं की पुढचे तीन आठवडे थांबा."

तीन आठवड्यांनी तुळशीचं लग्न होऊन गेलेलं असणार होतं.

तुम्हाला वाटेल, मामा आनंदाने उडाला असेल. मामा पार्किंगच्या कट्ट्यावर मटकन बसला. मला कळायला वेळ लागला. शेवंतीला भरवलं तर मामीची अट पुरी होणार होती, शेवंती राहणार होती, मामा राहणार होता. पण ते करायचं म्हणजे हा माज आहे हे कबूल करायचं. मग देवी कधी आलीच नव्हती. मग मामीच्या तोंडावर त्याने जो कौल तीन आठवडे नाचवला, गावाला जायचं नाही म्हणून, तो एका माजावर आलेल्या गायीने मान झटकली, एवढाच होता. देवी मानली तर गाय जाणार, गाय ठेवली तर देवी जाणार. इकडे शहाभाईंना वेगळीच चिंता, ठरावाचं काय करायचं?

"देवीक इंजेक्शन कसा देऊचा गो?" मामा मला म्हणाला. मी काय सांगणार! मला हसू येत होतं आणि त्याची फार दयाही येत होती. दिवसभर तो शेवंतीभोवती फिरत राहिला. दुपारी जेवलाही नाही. चारच्या सुमारास त्याने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटला, आणि अगरबत्तीचं घर उचलून माझ्या पिशवीत टाकलं.

मुग्धा सहाला आली. "भरा," मामा म्हणाला.

काम पाच मिनिटांचं होतं. हातभर लांब हातमोजा, एक बारीक नळी, संपलं. सकाळी जे पुरुष तिच्यासमोर हात जोडून उभे होते ते सगळे त्या पाच मिनिटांत आपापल्या स्कूटरचे आरसे पुसत होते.

चोवीस तास उलटून गेले तरी शहाभाई काही बोलले नाहीत. त्याच टेम्पोने आम्ही परत निघालो. येताना मामा पुढे बसला. पवईला तलाव आला तेव्हाही टेम्पो हळू करायला सांगितलं नाही.

घाटकोपरला मामी शेडच्या दाराशी उभी होती. मामाने शेवंतीला खुंट्याला बांधलं आणि मामीकडे न बघताच बोलला.

"माजार इली होती. देवी नाय. भरून घेतलंय."

"माका म्हायत होता," मामी म्हणाली.

"काय म्हायत होता?"

"माज. पयल्या वेळेपासना. माझ्या बापाशीकडे चार गायी होत्यो. गाय हंबारली, खाणा सोडल्यान, म्हणजे काय ता आमच्याकडची पोरा पण सांगतीत."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

मामीने पाडीच्या तोंडातून दोरी सोडवली. शांतपणे, जशी ती सगळीच कामं करते.

"तुमी इचारीत होतास तिका. गावाक जावचा काय, तिका इचारल्यात. मी उजवीकडसून माशी हाकलूक गेलंय म्हणान ती डावीकडे वळली, ता तुमी देवीचा म्हणणा मानल्यात. इतकी वर्सा मी हय आसंय. माका कधी काय इचारल्यात?"

मामा खुंट्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. मी घावण्यांचा रिकामा डबा ठेवला आणि रिक्षा पकडली.

घरी आल्यावर दोन दिवस पार्किंगला शेणाचा वास होता. काही लोकांना तो आवडला. पुनर्विकासाचा ठराव अजून लटकलाय, कारण नव्या बिल्डरच्या बाजूचे म्हणतात की ती देवी नव्हती, आणि जुन्याच्या बाजूचे म्हणतात, तेव्हा कुणाला माहीत होतं? माझं म्हणाल तर मी बरंच शिकून आले. गाय परत माजावर का येत नाही याची कारणं आता मी झोपेतही सांगेन, खाणं, उकाडा, जमीन, पाडी, गर्भाशय. आणि यातलं काहीही नसताना ती येते, फक्त बघणाऱ्याला दिसत नाही, हेही. त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्यांनी शेवंतीकडे टक लावून पाहिलं होतं. मामीकडे मीही पाहिलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

संक्रांत झाल्यावर मुग्धाने घाटकोपरला जाऊन तपासलं. शेवंती गाभण होती. मी पेढे घेऊन गेले. मामीच्या अटीत मामा जिंकला होता, सरळ, सगळ्या चाळीदेखत. आता त्याला कुणी कुठे पाठवू शकत नव्हतं. त्याने माझ्या हातातून पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि मामीसमोर जाऊन उभा राहिला.

"शोभा," तो म्हणाला. मामीला नावाने हाक मारताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "तुका काय व्हया? हय रवया, काय गावाक जावया?"

"गावाक," मामी म्हणाली. एक क्षणसुद्धा थांबली नाही.

मामाने बॉक्स उघडून एक पेढा तिच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, तो आपला टेम्पोवाला कणकवलीपर्यंत येईल का.